शाब्बासवाली रेकॉर्ड

नाही हो, सकाळचा नकोच. ठेवून द्या तो परत. सकाळचा राग घरी नेऊन मी त्याचं करू काय? मी उठतो तेव्हा सकाळ आटोपलेली असते – आणि सकाळचा राग सकाळीच ऐकायचा, हे तुम्हीच मघाशी त्या मफलरवाल्याला सांगत होतात, मी ऐकलं. आमच्या साडूकडे बघा – साडू म्हणजे माझ्या मेव्हणीचा नवरा – त्यानं कपाटच तसं करून घेतलंय. वरचा खण पहाटेचा, त्याखाली सकाळ, मग दुपार, मग संध्याकाळ, तळाला रात्र. पाहुणा आला की हा आधी घड्याळ बघतो, मग कपाट उघडतो. औषध देतात तसं. मीसुद्धा आमच्या सुताराला तसंच कपाट सांगितलं, फक्त एक खण जास्त. साडूपेक्षा एक तरी जास्त हवा ना! आता झालंय काय, दिवसाच्या वेळा सगळ्या बसल्या आणि एक खण उरला. सुताराला म्हटलं, यात कुठली वेळ ठेवू रे? तर म्हणतो, चपला ठेवा. बघा म्हणजे. कलेची काही चाड?

तर मुलीनं मला हे रेकॉर्ड वाजवायचं यंत्र घेऊन दिलंय, आता घरात चांगला संग्रह हवा, आणि तोही आजच हवा, कारण उद्या दुपारी साडू आणि मेव्हणी जेवायला येतायत. म्हणजे मला नुसतं काहीतरी भरायचं नाहीये हं कपाटात. मी निवडून घेणारा माणूस आहे. माझी निवडायची पद्धत आहे – तुम्ही रेकॉर्ड पाठीमागून वाचता, राग कोणता, ताल कोणता. मी पुढून वाचतो. गाणाऱ्याचं तोंड उघडं असलेला फोटो हवा. कवळ्या बनवण्यात आयुष्य गेलं हो माझं, तोंड बघितलं की माणूस कळतो. हे बघा, हे – वरची कवळी सैल आहे यांची. तान घेताना जिभेनं वर दाबून धरावी लागत असणार. लोक म्हणतात, अहाहा, काय भाव आहेत चेहऱ्यावर! भाव कसले, पडेल की काय ही धास्ती आहे ती. हे बाजूला ठेवा. या बाई चालतील, दात स्वतःचे दिसतायत. हे सतारवाले – यांचे दात कसेही असू देत, सतारीला काय फरक पडतो, घ्या. तुम्ही तोंड का झाकलंत? नाही नाही, मी काही बघत नव्हतो. वरचा डावा सुळा जरा दाखवून घ्या कुणाला तरी, एवढंच.

हे काय? ख्याल. पूर्ण बाजूभर एकच चीज? आणि शब्द काय आहेत? फक्त ‘ये गं सखी’? एवढा वेळ नुसतं ये, ये, ये – आणि येतं कुणी? नाही ना येत? मग? नाही, मला कळतं, विलंबित आहे, सावकाश चालतं, फुलवत फुलवत. मला गाण्यातलं सगळं कळतं हो. आमच्या घरात गाण्यातलं कळणारा मी एकटाच. बायको तर सरळ सांगते, मला बाई त्यातलं काही कळत नाही, मी आपली कंपनी म्हणून येते. लहान मुलांच्या शाळेत शिकवायची ती. तिथली पोरं बाई म्हणायची, ते आमच्याही तोंडी बसलं, आता घरात मी पण बाईच म्हणतो. आज निघालो तर बाई म्हणाली, ती जुनी खरखरणारी रेकॉर्ड कशाला शोधताय, नवीच आणा की, साफ केलेली. जुनीच्या मागे लागू नका, म्हणाली. दोनदा म्हणाली. चपला घालताना परत एकदा.

आता तुम्ही म्हणाल, जुनी कुठली. म्हणा की. बरं, नका म्हणू, मीच सांगतो. बुवांची. ती हो – शाब्बासवाली! बघा, लगेच शिडी घेतलीत. म्हणजे आहे? आहे तुमच्याकडे? शोधा, शोधा, सावकाश चढा, मी शिडी धरतो. तुमच्या धंद्यातली माणसंसुद्धा ती नावानं मागत नाहीत, शाब्बासवाली म्हणूनच मागतात – आणि तुम्हाला माहितेय का, तो शाब्बास कोण आहे? इकडे बघा. खाली. मी! मी आहे तो!

अहो हलू नका, शिडी हलतेय. भर मैफल. बुवा रंगात आलेले. आता मोठ्या गवयाला माणूस दाद देतो ती कशी – वाहवा म्हणतो, क्या बात है म्हणतो, फार तर नुसती मान हलवतो, आणि तेही समेवर. बरोबर? तर इथे समेच्या जरा आधीच, कुणीतरी खणखणीत आवाजात म्हणालं, शाब्बास! बुवांना! शाब्बास! पाढे पाठ झाले की पोराला म्हणतात तसं. सगळं सभागृह वळून बघायला लागलं. आणि बुवा – मोठा माणूस हो – रागावले नाहीत. हसले. गाता गाता हसले आणि तीच तान परत घेतली, आधीपेक्षा सरस. जाणकार म्हणतात, बुवा आयुष्यात तसे पुन्हा गायले नाहीत. म्हणजे बुवांच्या सगळ्यात चांगल्या तानेला कारण कोण? मी. आयुष्यभर दुसऱ्यांच्या तोंडात हात घातले मी, पण माझ्या तोंडातून निघालेलं काही कुठे टिकून राहिलं असेल तर तो एवढा एक शब्द आहे. आणि साडू म्हणतो, तो शब्द त्याचा!

हो! साडू! एका रांगेत बसलो होतो ना आम्ही. मी, माझ्या शेजारी बाई, तिच्या शेजारी तिची बहीण, पलीकडे साडू. तेव्हापासून दर जेवणाला हाच विषय. तो म्हणतो मी, मी म्हणतो मी. एकदा तर ताटावरून उठलो मी. आणि पुरावा दाखवावा, तर कंपनीनं नंतर नवी काढली तेव्हा साफसफाई केली – खोकले काढले, खुर्च्यांची करकर काढली, आणि त्याबरोबर मलाही काढलं. खोकल्याच्या पंक्तीला बसवलं हो मला! साडूकडे ती साफ केलेलीच आहे. जुनी फार थोडी निघाली होती, आमच्या दोघांच्याही कानावर कधी पडली नाही. म्हणून उद्या, जेवण झालं की, मी शांतपणे उठणार, कपाट उघडणार – रात्रीचा राग दुपारी लावणार, लागू दे पाप – आणि त्याला म्हणणार, ऐक. आवाज ओळख. कुणाचा आहे, सांग.

आठवतं म्हणजे काय? हा काय प्रश्न झाला, मिळाली का ते सांगा. आठवतं की. डोळे मिटून ऐकत होतो मी. जाणकार डोळे मिटूनच ऐकतात. आता मिटलेले डोळे जरा लागले असतील, विलंबित होतं हो, तुम्हीच म्हणालात ना, सावकाश फुलवत फुलवत – क्षणभर. जाग आली ती त्या शाब्बासनंच. बघतो तर सगळी माणसं वळून आमच्याकडे बघतायत. म्हणजे मीच म्हणालो असणार ना? झोपेत काय, जागेपणी काय, आतून आलेली दाद ती. शिवाय मी खात्री करून घेतली. घरी जाताना बाईला विचारलं, कोण गं ते ओरडलं? तर म्हणाली, अहो, तुम्हीच की! साक्षीदार आहे माझ्याकडे. साडूकडेही आहे म्हणा, मेव्हणी त्याच्या बाजूनं बोलते, पण बायका नवऱ्याच्या बाजूनं बोलणारच.

मिळाली? आणा, आणा. काय धूळ आहे! फुंकू नका, थुंकी उडेल, तुमच्या त्या सुळ्याच्या फटीतून – द्या, मी रुमालानं पुसतो. लावा इथेच. नाही, पहिल्यापासून नको, पार शेवटाकडे लावा सुई. हं. ऐका, बुवांचा तो ‘आ’ ऐका कसा मोकळा लागलाय, सगळे दात स्वतःचे तेव्हा. हां… हां… आता येईल बघा. ऐका हं. मी येतोय आता –

आं?

परत लावा. सुई घसरली वाटतं. जरा मागून. हं…

यंत्र जोरात फिरतंय तुमचं. अहो, जोरात फिरतंय, माझा आवाज किती बारीक येतोय बघा ना. वेग कमी करा. बुवांचा बरोबर येतोय? असं कसं? बुवांचा बरोबर आणि माझा एकट्याचा बारीक? तरुण होतो म्हणा मी तेव्हा. तरुणपणी असतो आवाज जरा… इतका नसतो? नाही, नसतोच. साडूचा तर नाहीच नाही, साडू बोलला की ट्रक सुरू झाल्यासारखा वाटतो. आणि पुढे काय म्हणतंय ते? शाब्बासच्या पुढे काहीतरी आहे. हळू आहे. आवाज वाढवा. परत लावा. 

‘शाब्बास! आता परत म्हण.’

बुवांना. म्हण! अरे-तुरे! आणि बुवा बिचारे हसून परत म्हणतायत, बाकावर उभं केल्यासारखे. अहो, हे ‘आता परत म्हण’ मी रोज ऐकतो. शेजारच्या पोरीला ऐकवते ती, भाच्याला ऐकवते, डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्यांची नावं मी पाठ करतो तेव्हा मला ऐकवते.

बाई.

बाई आहे ती. आमची बाई. आणि मला सांगते, तुम्हीच की! इतक्या शांतपणे, पर्समधून घराची किल्ली काढत काढत. आणि बहिणीनं तिकडे आपल्या नवऱ्याला तेच सांगितलं असणार. अहो थांबा – म्हणजे साडूपण झोपला होता! झोपला होता साडू! बघा! जाणकार म्हणे! तरी म्हटलं, याला त्या मैफलीतला राग विचारला की हा विषय का बदलतो. निदान एवढं तरी पदरात पडलं आज.

हसा, हसा तुम्ही. आता कळतंय मला. आम्ही दोघं भांडायला लागलो ना, की या दोघी बहिणी उठून स्वयंपाकघरात जायच्या आणि भांडी घासायला घ्यायच्या. नळ पूर्ण सोडून. धो धो. मी इकडून ओरडायचो, अगं पाणी किती वाया घालवता! ते पाणी कशासाठी सोडलेलं असायचं, ते आज कळलं. बाहेर येताना दोघींचे डोळे लाल. मला वाटायचं, आमच्या भांडणाचा त्रास होतो बिचाऱ्यांना. मी तर एकदा माफीसुद्धा मागितली तिची. तर पदर तोंडात कोंबून परत आत पळाली. मला वाटलं, गहिवरली.

राग यायला पाहिजे ना मला? येत नाहीये हो. काय करू? वाईट वाटतंय, ते वेगळंच. दोन जाणकार दोन्ही बाजूंना घोरत होते आणि मधे ती बसली होती, जिला त्यातलं काही कळत नाही, कंपनी म्हणून आलेली – तिला ते इतकं आवडलं, की आपण कुठे आहोत तेच विसरली ती. इतकी वर्षं मी तिला सांगतोय, गाणं कसं ऐकायचं. आणि ती ‘हो का’ म्हणून ऐकून घेते. एकदाही म्हणाली नाही, अहो, मीच होते.

आता उद्याचं बघायला पाहिजे. ही घरी न्यायची म्हणजे संपलंच सगळं. साडूच्या कानावर पडली की भांडण मिटलं, आणि भांडण मिटलं तर त्या दोघींनी हसायचं कशावर? नाही, ती नवी साफ केलेलीच बांधा. तिनं सांगितलं तीच. घरी गेलो की तोंड पाडून म्हणेन, जुनी नाही गं मिळाली, आणि उद्या साडूशी असा भांडेन, असा भांडेन, की नळ तुटला पाहिजे. आणि ही जुनी, ही कुणाला द्यायची नाही हं. साडू आला विचारायला तर सांगा, फुटली. शिडीवरून पडली म्हणा. ठेवा तुमच्याकडेच, मी येत जाईन अधूनमधून ऐकायला, त्याबद्दल तुमचा तो सुळा मी बघून देतो.

नाही, बांधायची घाई नाही. आधी एकदा लावा अजून. पहिल्यापासून लावा या वेळी, पूर्ण ऐकू. बसा तुम्ही पण. आणि एक सांगू, रागावू नका – तुम्ही फार बोलता हो. मघापासून बघतोय. गाणं चालू असताना माणसानं गप्प बसावं. बोलू नका हं आता मध्ये. अजिबात बोलू नका. आली… आली बघा जागा –