चाकं ओवणाऱ्या दोघी जावा

माझं माहेर पळसदेव. म्हंजी नव्या गावठानातलं, जुनं गाव तर धरनाच्या पोटात गेलं आन माझा जल्म त्याच्या मागनंचा. आमचा आबा, माझा बाप, उन्हाळ्यात पानी उतारलं का काठाला जाऊन हुभा ऱ्हायचा आन बोट करून सांगायचा, देवळाच्या त्या अंगाला आपलं घर व्हतं, तितं गोठा व्हता. आमाला नुसता गाळ दिसायचा. सातवीपत्तुर शिकले, फुडची शाळा लांब, मग आबानं अंथुर्ण्याला दिली. आता काय सांगू तुमाला ताई, लग्नात मी एवढीशी व्हते, भाकरी थापता यायची पर भाजता यायची न्हाय, करपायची. तवा ज्या बाईनं मला चुलीम्होरं बसवून शिकवलं ती माझी थोरली जाऊ, कमळआक्का. मी आक्काच म्हनते. तुमी मला कंपनीचं इचारताय, पर कंपनीचं सांगायचं तर आक्काचंच सांगावं लागंल, तिच्याबिगर माझी कंपनी न्हाय.

आमच्या सासऱ्याकडं राजदूत फटफटी व्हती. दोन्ही अंगाला दुधाच्या किटल्या लावून मामंजी डेरीला जायचं, ती गाडी सुरू झाली का अख्ख्या आळीला कळायचं. आक्काला त्या गाडीचं लई येड. कवा बसली न्हाय तिच्यावर, सासऱ्याच्या मागं सून कशी बसंल, पर पुसायची तिनं, चाकाच्या तारा एक एक करून फडक्यानं पुसायची. मालक म्हनायचं, वैनी, गाडी हाय का म्हस, एवढी धुताय? मालक म्हंजी आमचं हे. तर असं.

मग लोणी देवकरला कारखानं निघालं, आन त्यात एक चाकाचा निघाला. मोटारसायकलीची चाकं तयार करायची, आन ती मोठ्या कंपनीला जायची, भाईर देशातली कंपनी व्हती ती, तिच्या गाड्या हितं जुळवून इकायच्या. नाव कशाला घ्या, आता न्हायच ती हितं. आक्काचा भाऊ बायकांना न्ह्यायच्या जीपवर डायवर व्हता, त्याच्या वळकीनं आक्का लागली. थोरलं भावजी नगं म्हनत व्हतं, घरातल्या बाया कंपनीत कशाला, पर आक्कानं ऐकलं न्हाय. मग माझा सागर शाळंला जायला लागला तसं तिनं मला बी नेलं. सायबाला म्हनली, ही माझी जाऊ, माझ्या शेजारी बसवा, हिला मी शिकवते.

आन शिकवलं. चाक कसं व्हतं बगा, मधी एक लोखंडाचा गोळा, त्याला हब म्हनायचं, भाईरनं रिम, आन मधल्या त्या तारा, त्याला स्पोक म्हनत्यात. हबाच्या भोकातनं तार घालायची, एक आतनं, एक भाईरनं, एकीवर एकीची फुली पाडत रिमपत्तुर न्ह्यायची, मग बारकं टोपन फिरवून ताणायची. एक बी चुकली का सगळं चाक वाकडं चालतंय. मला पयल्यांदा रडू यायचं, बोटं सोलून निघायची. आक्का म्हनायची, गजरा ओवतीस न्हवं? तसंच हाय, फुलाच्या जागी लोखंड. तिचं हात असं चालायचं ताई, ती तिकडं माझ्याशी बोलत असायची, सासूबाईचं, पोरांचं, गावातलं, आन हिकडं हातात चाक तयार. घरनं निघाल्यापासनं घरी येईपत्तुर आमचं बोलनं तुटायचं न्हाय. जीपमधल्या बाया म्हनायच्या, एका घरात ऱ्हाता, एका कंपनीत बसता, अजून तुमचं सरंना?

आमचं मोठं सायेब व्हतं, देशपांडे सायेब, त्यांना गाड्यांचं भारी वेड. केबिनच्या भिंतीला निसत्या गाड्यांचं फोटू, जुन्या जुन्या, सगळ्या जगातल्या. च्याच्या सुट्टीला आमी बाया दारात गेलो का सांगायचं. ही इंग्लंडातली, तिथं एका शहरात म्हनं गल्लीबोळात मोटारसायकलीच्या कंपन्या व्हत्या, सगळ्या बुडाल्या. ही जर्मनीची, ही इटलीची. जपानात लढाईनंतर एकानं सायकलीलाच बारकं इंजिन बसवलं आन त्यातनं एवढी कंपनी झाली का तिनं सगळ्या जगाला मागं टाकलं. आपल्याकडं बी म्हैसूरला एक व्हती, पोरं जीव टाकायची तिच्या गाडीवर, ती बी बंद झाली. ती गाडी आधी कुठल्या तरी युरोपातल्या देशात निघायची आन तितलं तिचं नाव सांगितलं सायबानं, तर आमी बाया खो खो हसाय लागलो, कारन आमचं नातं आन त्या गाडीचं नाव एकच, जावा. तवापासनं सायेब आमाला बगून म्हनायचं, आली बगा माझी जुनी गाडी, दोन्ही चाकासकट. आक्का लाजायची.

एकदा आक्कानं इचारलं त्यांना, सायेब, त्या इंग्लंडातल्या कंपन्या बुडाल्या तवा तितल्या बायांचं काय झालं? सायेब म्हनलं, कुठल्या बाया? ती म्हनली, चाकं ओवनाऱ्या. असत्याल न्हवं तितं बी. सायेब म्हनलं, असतील, पन त्यांचं कुठं कुनी लिहून ठिवलेलं न्हाय. घरी येताना जीपमधी आक्का म्हनली, शालन, आपलं बी असंच व्हनार बग. मी म्हनलं, काय बी बोलू नगंस आक्का, आत्ताशी कुठं चांगलं चाललंय.

मग भाईर देशातनं दोन पाव्हनं आलं, गोरं, उंच. सगळा कारखाना बगितला आन आक्काच्या टेबलापशी येऊन थांबलं. एकानं मोबाईल काढला आन तिच्या हाताचं चित्र घ्याय लागला, लई येळ, वरनं, बाजूनं. हळू कर म्हनला, परत कर म्हनला. आक्काला काय वाटलं असंल, घाम फुटला तिला, पर हसत व्हती. घरी आल्यावर सगळ्यांना सांगितलं, माझं हात परदेशाला गेलं. सासूबाईनं मीठ-मव्हऱ्या उतरून टाकल्या तिच्या हातावरनं.

त्याच्या फुडच्या वर्साला मशीन आलं. हब ठिवला का आपुआप तारा भरायचं, आपुआप ताणायचं. सायेब म्हनलं, आता दोनच बाया पायजेत, मशीनवर आकडं येत्यात ते वाचायचं, बटन दाबायचं, कागदावर ल्ह्यायचं. सगळ्या बायांना रांगंत हुभं केलं आन एक नवीनच पोरगा, पुन्याचा, सुपरवायजर, तो एकेकीला मशीनवरलं आकडं वाचाय सांगाय लागला. मी वाचलं. इंदापूरची एक पोरगी व्हती, तिनं वाचलं. आक्काची पाळी आली. आक्का कवा शाळंत गेलीच न्हवती. ती मशीनकडं बगत ऱ्हायली, तो म्हनला, बाई वाचा की. तिनं पदर नीट केला. तो म्हनला, आकडा बी येत न्हाय का तुमाला? सगळ्यांच्या म्होरं.

मी तशीच केबिनमधी गेले. देशपांडे सायबाला म्हनलं, मला काढा, हिला ठिवा, आकडं मी शिकवते हिला घरी, चार दिसात शिकंल. सायेब म्हनलं, माझ्या हातात न्हाय शालनबाई, वरनं आलंय. भाईर आले तर आक्का दारातच हुभी, तिनं ऐकलं व्हतं. मला म्हनली, माझ्यासाठी भीक मागू नगंस. मी शिकवलं तुला आन आता तू मला शिकवनार व्हय. आन मग मशीनकडं हात करून म्हनली, त्या मशिनीत माझंच हात हायती शालन, माझंच हात घालून मला भाईर काढली.

ते शेवटचं बोलनं. त्याच्या मागनं आक्का माझ्याशी बोलली न्हाय.

म्हंजी दोन दिस न्हाय, म्हयना न्हाय. वर्सं गेली. एकच अंगन ताई, एकच नळ, एकच तुळस. चुली दोन झाल्या. भांडान असतं तर बरं झालं असतं, शिव्या दिल्या असत्या तर मी ऐकल्या असत्या. पर ती नुसती माझ्यातनं आरपार बगायची, जसं मी न्हायच तितं. मी मालकाला म्हनलं, मी काम सोडते. ते म्हनलं, तू सोडलंस म्हनून तिला कोन लावनार हाय? ते बी खरंच व्हतं. मी जात ऱ्हायले. जीपमधी तिची जागा, खिडकीपशी, कोन बसायचं न्हाय सुरवातीला, मग नवीन पोरी आल्या, त्यांना काय म्हाईत, बसल्या. आक्का डाळिंबाच्या बागंत खुरपायला जाय लागली. सकाळी मी गाडीची वाट बगत हुभी आन ती खुरपं घेऊन माझ्या म्होरनं जायाची, मान खाली घालून.

तिच्या पोरीचं लगीन झालं. ज्या पोरीला मी अंगाखांद्यावर खेळवलं तिच्या हळदीला मी परक्या बाईवानी कडंला हुभी. सासूबाई गेल्या तवा मढ्याच्या ह्या अंगाला मी आन त्या अंगाला ती, दोघी बी रडतोय, पर एकमेकींच्या गळ्यात पडलो न्हाय. गाव बगत व्हतं. सासूबाई जाताना मला म्हनल्या व्हत्या, तुमचं बोलनं ऐकायचं राहिलं माझं. हे मी अजून आक्काला सांगितलेलं न्हाय. सांगितलं तर तिला सोसायचं न्हाय.

आन मग कंपनी बंद झाली. कशानं म्हनाल तर आमच्यामुळं न्हाय, चाकं चांगलीच निघत व्हती. त्या भाईर देशातल्या कंपनीनं ठरवलं का हितं गाड्या करायच्या न्हाईत. त्यांच्या गाड्या महाग, हितं कोन घ्यायचं. जी कंपनी आमी कवा डोळ्यानं बगितली न्हाय, तिनं तिकडं कुठं तरी बसून ठरवलं आन हितं लोणी देवकरला गेटला कुलूप. देशपांडे सायेब रिटायर व्हायलाच आलं व्हतं, भिंतीवरचं फोटू काढून खोक्यात भरत व्हतं. मला म्हनलं, शालनबाई, आता आपला बी एक फोटू ह्यात लावायला पायजे. हसलं, पर डोळं भरलं व्हतं त्यांचं.

घरी आले. आक्का अंगनात भांडी घासत व्हती. मी पिशवी खाली ठिवली आन तितंच पायरीवर बसले, कुनाला म्हनून न्हाय, असंच म्हनलं, कंपनी बंद झाली. भांड्याचा आवाज थांबला. मग आक्का म्हनली, मशिनीचं काय केलं?

एवढ्या वर्सांनी तिचा पयला शब्द हा. मी म्हनलं, टरकात घालून नेली, कुठं नेली काय म्हाईत. ती राखंच्या हातानं तशीच बसून ऱ्हायली. मला वाटलं, आता हसंल, न्हायतर म्हनंल, बरं झालं. न्हाय. म्हनली, भाकरी खाल्लीस का? न्हाय म्हनलं. उठली, हात धुतलं, घरात गेली आन ताट वाढून आनलं. मी ताटाकडं बगत बसले. ती म्हनली, खा, थंड झाल्यावर तुला जात न्हाय. हे तिच्या ध्यानात व्हतं बगा.

मी म्हनलं, आक्का, त्या दिशी मी सायबाला… तर तिनं हात वर केला. म्हनली, ते काढू नगंस, ते काढलं तर मला परत गप बसावं लागंल. मग न्हाय काढलं. अजून न्हाय काढलं.

आता तुमी म्हनाल, मग ग्वाड झालं. कशाचं ग्वाड ताई. बोलाय लागलो तर तिचं पाय सुजाय लागलं. आधी वाटलं चालून चालून सुजत असत्याल. बारामतीच्या डाक्टरनं तपासलं तर दोन्ही किडन्या गेलेल्या. आता आठवड्यातनं दोनदा तिचं रगत धुवाय न्ह्यावं लागतंय. भावजी थकलं, त्यांना यष्टीत चढवत न्हाय. पोरगी सासरी, ल्योक तिकडं चाकनला मोटारसायकलीच्याच कंपनीत, कंत्राटावर, त्याला रजा मिळत न्हाय. मग मीच नेते. मला तरी काय काम हाय, पन्नाशीला टेकलेल्या बाईला कोन घेतंय कंपनीत.

आमचा सागर बारामतीत बॅटरीच्या गाड्यांच्या शोरूमला व्हता. ती कंपनी बी गुंडाळली, आता दुसऱ्या कंपनीच्या शोरूमला हाय. तो म्हनतो, आई, रोज नवी कंपनी निघतीया आन रोज एक बंद पडतीया, तू नगं काळजी करू. मी काळजी करत न्हाय. करून काय व्हतंय. मला फकस्त आक्काचा तो सवाल आठवतो कवा कवा, तितल्या बायांचं काय झालं म्हनून. तर हे असं झालं. दुसऱ्या देशात बी असंच झालं असंल, कुनी यष्टीत बसली असंल, कुनी रानात गेली असंल.

एक मातूर हाय. यष्टीत आक्का खिडकीला बसती आन अंथुर्ण्यापासनं बारामतीपत्तुर बोलत ऱ्हाती. डोळं मिटून बोलती, दम लागतो तरी बोलती, गप ऱ्हा म्हनलं तर ऐकत न्हाय. म्हनती, लई साठलंय शालन. डाक्टरनं काय ते मला बाजूला घेऊन सांगितलंय, तिला न्हाय. देवाला मी दुसरं काय मागत न्हाय आता. ती माझ्याआधी जानार हे मला कळतंय, जाऊ दे, तिचं लई हाल झालं. पर जाईल तवा बोलत बोलत जावी. मुक्यानं जाऊ नये.