रिसेटरमधले सेल

— हळू बोला हो, हळू! आत बाबा बसलेत. माझे वडील, दुसरं कोण? नाही, त्यांना बाहेर बोलावणार नाही. तुमच्या प्रिंटरचं हेड जळलं ना? जळलं. कबूल. नवं बसवून देते, आजच्या आज, स्टुडिओचा एक फोटो अडणार नाही तुमचा. मग म्हाताऱ्या माणसाला कशाला पुढे उभं करायचं? काय विचारायचं ते मला विचारा. हे बघा, कार्ट्रिजवर ही एवढीशी चिप असते, ती शाईचा हिशेब ठेवते. तिने संपली म्हटलं की प्रिंटर हटून बसतो. मग आपण शाई भरायची, आणि ह्या रिसेटरच्या पिना चिपवर दाबून धरायच्या — दिवा लुकलुकतो, स्थिर झाला की चिप म्हणते, भरली! खरंच भरली का, ते तिला बिचारीला काय कळतंय? म्हणून आधी शाई, मग रिसेटर. शाई भरायची राहिली तर प्रिंटर कोरडाच छापत सुटतो नि हेड जळतं. तुमचं तेच झालं. म्हणजे — तेच असं नाही, पिनांवर शाई वाळली असेल, सेल उतरले असतील, सेल उतरले की दिवा — हो, हो, कार्ट्रिज कोरडं ठणठणीत होतं, डोळे आहेत मला!

बरं, ऐका. घरचे म्हणून सांगते, बाहेर बोलू नका. बाबा विसरतात. शाई भरायचीच विसरतात आणि भरली म्हणून छातीठोक सांगतात. परवा मलाच विचारलं, बाई, तुमचं काय काम आहे? — पोटच्या पोरीला! रोज नाही हो, कधीकधी. डॉक्टर म्हणतात, हात कामात असू द्या. काम द्यावं तर गिऱ्हाइकांची यंत्रं जळतात. इकडे आड, तिकडे विहीर! मग काय केलं मी? तुमचा फोन आला आणि त्यांच्या रिसेटरमधले सेल काढून घेतले. हो, मीच. तेव्हापासून नुसते बसून पिना पुसतायत — खोडरबर, मग स्पिरिट, मग फुंकर — चिपवर धरतात, दिवा लागत नाही, की पुन्हा पुसायला घेतात. म्हणतात, पोरी, पिनांत कचरा दिसतोय. मी म्हणते, हो बाबा, नीट पुसा. जेवायला उठत नाहीत हो! लाज वाटते मला माझी. पण सेल दिले तर उद्या तुमच्यासारखे आणखी चार जण दारात, आणि दुकान काय वाऱ्यावर — असे काय बघताय? मागे काय —

बाबा! कधी आलात? काही नाही, हे स्टुडिओवाले, निघालेच होते. तुम्ही बसा ना आत — रिसेटरचं झाकण कुणी उघडलं ह्या? तुम्ही? ... बाबा, हात पुढे करून असे उभे राहू नका. ओरडा माझ्यावर, काहीतरी बोला ... देते. देते ना. इथेच आहेत, माझ्या ड्रॉवरमध्ये.

अहो साहेब, अजून इथेच? दुकान बंद झालंय. जा तुम्ही!