शीव बांधली त्या दिवशी

मी तळेघरच्या वरच्या अंगाचा. बाप खाली भात लावायचा, वर उताराला नाचणी करायचा, मी पण तेच केलं. शाळा दुसरीपर्यंत, कारण गुरं कोण राखणार. गावदेवीची पूजा आमच्या घराकडं, म्हणून केस पिकायच्या आधीच लोक मला बाबा म्हणायला लागले, अन् त्याचा मला लई माज व्हता, खोटं कशाला बोलू.

नव्वद सालानंतरची गोष्ट. तवा जुन्नरकडची दोन पोरं आमच्याकडं यायची, सुनंदा अन् विलास, कॉलेज नुकतंच संपलेली. एस.टी. खाली सोडायची, तिथून डोंगर चढून यायची. भाताच्या आवणीच्या दिवसांत आमच्यासंगं चिखलात उभी राहायची अन् म्हणायची, रोपं आम्ही वाहतो, तुम्ही पोरांना शाळेत सोडा. सांजच्याला देवळात पोरांना शिकवायची, बायांना सांगायची, पाणी उकळून प्या, जुलाब झाले तर मीठ-साखरेचं पाणी पाजा. माझी सून कौसल्या पुढं जाऊन बसायची. मी म्हणायचो, काय गं, डाक्टरीण व्हायचंय का. ती म्हणायची, न्हाई मामंजी, पण तुमी आजारी पडल्यावर कुणाला तरी कळाया नको का.

मग एका पावसाळ्यात गावात हगवण आली. आमच्यात तवा शीव बांधायची रीत व्हती. नारळ फोडायचा, शिवेवर झाडाला सूत गुंडाळायचं, मग आतला बाहेर न्हाई अन् बाहेरचा आत न्हाई, देवी रोगाला हाकलते म्हणून. सूत बांधून मी तिथंच राखण बसलो. दुपारी ही दोघं आली, चिंब भिजलेली, पिशवीत औषधाच्या पुड्या अन् विहिरीत टाकायची पावडर. सुनंदा म्हणाली, बाबा, आत जाऊ द्या, नाहीतर तुम्ही तरी हे घेऊन जा. मी म्हणालो, सूत ओलांडलं तर जो मरंल तो तुमच्या माथी. विलास तापला, लागला सूत तोडायला. तिनं त्याचा हात धरला. म्हणाली, आज मोडून गेलो तर उद्या आपलं कोण ऐकेल. पिशवी दगडावर ठेवून दोघं माघारी गेली. ती पिशवी मी ओढ्यात सोडली. काय सांगू तुमाला भाऊ, या हातानं सोडली.

घरी नातीचे डोळे खोल गेलेले. मी अंगारा लावला. कौसल्या चमच्याचमच्यानं काही पाजत व्हती, काय पाजतीस म्हणालो तर म्हणाली, तीर्थ. नात वाचली. शेजारच्या धोंडूचा लेक गेला. धोंडू रडत म्हणाला, एरवी रोज येणारी ती पोरं आता कुठं गेली. अन् मी म्हणालो, भिऊन पळाली.

झालं. पुढं ती दोघं आली तर कुणी पाण्याला विचारलं न्हाई, का त्यांचं ऐकून घेतलं न्हाई. देवळातली शाळा मोडली, पोरं परत गुरांमागं गेली.

एवढी वर्षं गावानं तेच धरलं. यंदा देवळात सगळे जमलेले असताना मी उभा राहिलो अन् हे सारं सांगून टाकलं. एक जण म्हणाला, बाबा, लई लवकर सांगितलं. धोंडू उठून निघून गेला. अजून बोलत न्हाई, अन् ते त्याचं बरोबर आहे.

सुनंदा लग्न होऊन महाळुंगे पडवळला गेलेली. गेलो हुडकत. पिशवी ओढ्यात सोडल्याचं मी सांगितलं तशी ती ओट्यावर बसली. म्हणाली, बाबा, मी विलासचा हात धरला म्हणून ते पोर गेलं, असंच मी इतकी वर्षं समजत होते, तुमच्याकडची शाळा मोडली तेव्हापासून शिकवायला कुठल्या गावात पाऊल टाकलं नाही. मी म्हणालो, न्हाई पोरी, तू आली व्हतीस, आडवलं मी. ती पदरानं डोळे पुसत रडली, मग उठून तिनं भाकरी टाकली. आतून सासूनं इचारलं, कोण पावणं आलंय. ती म्हणाली, तळेघरचे बाबा आहेत, माझं ओझं उतरवायला आलेत.

अन् मी डोंगर उतरलो व्हतो तो माझं उतरवायला. पोटभर जेवलो त्या दिवशी. देवी तिला सुखात ठेवो.