सात पिढ्यांची फाइल

—छे हो अबुजरभाई, शिक्के कसले मारताय एवढ्यात, आधी मला वाचून दाखवा. इंग्रजी मला येतं, येत नाही असं नाही, साताऱ्याची बी.कॉम. आहे मी, पण हे तुमचं कोर्टाचं इंग्रजी—एक वाक्य सुरू होतं ते पुढच्या पानावर संपतं. तुमच्या त्या स्पॅनिशवाल्या बाईंनी सगळी पानं इंग्रजीत केली ना? किती? एकतीस. पानाला साठ दिरहम, म्हणजे चौदाशे रुपये—एका पानाचे. त्या पोरीच्या खापरपणज्या गेल्या तेव्हा त्यांच्यावर एवढा खर्च कुणी केला नसेल. जाऊ दे, देव भलं करो त्यांचं. फाइल खोटी निघाली की वसूल झाले म्हणायचं.

कुठली पोरगी म्हणजे? परवा सांगितलं नाही का—हां, परवा तुमच्याकडे गर्दी होती. अहो, माझा सुजीत. एकुलता एक, इथंच दुबई मरीनात ऑफिस, तिसावा मजला. त्याचं लग्न जमावं म्हणून मी सोळा सोमवार केले, कडक, जबल अलीच्या देवळात जाऊन उद्यापन केलं, सोळा जोडपी जेवू घातली दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये—आणि बरोब्बर आठव्या दिवशी हा पठ्ठ्या दारात कुणाला घेऊन उभा? मेक्सिकोची. हिमेना नाव. महादेवाला मी मुलगी सांगितली होती, देश सांगायचा राहिला. हसा, हसा तुम्ही. त्याच्याच ऑफिसात आहे ती. उंच आहे, दात चांगले आहेत, मोठ्यानं हसते आणि सगळ्यावर लिंबू पिळते. पुरणपोळीवर पिळलं हो तिनं. मी बघत होते, म्हटलं आता तुपाला काय वाटलं असेल.

तर मी नाही म्हटलं नाही. नाही म्हटलं की पोरं हट्टाला पेटतात. मी गोड बोलले. म्हटलं, बाळ, आमच्यात सोयरीक करताना सात पिढ्या बघतात, तू तुझ्या घेऊन ये, मग बोलू. आता तुम्हीच सांगा, बघतं का कुणी सात पिढ्या? पगार बघतात, फ्लॅट बघतात, फार तर देवक विचारतात. पण ती बोलायची रीत असते ना—आपल्याकडच्या कुठल्याही मुलीला कळलं असतं की ही बाई नको म्हणते आहे. या बयेनं पर्समधून वही काढली आणि लिहून घेतलं. सात. वर मला विचारते, आईच्या बाजूच्या की वडिलांच्या? मी म्हटलं, आईच्या. कशाला म्हटलं, मला अजून कळलेलं नाही.

पाच महिने, अबुजरभाई. ऑफिस सुटलं की लॅपटॉप. त्यांच्याकडे म्हणे दीडशे वर्षांपूर्वीच सरकारनं गावोगावी वह्या घातल्या—जन्माची निराळी, लग्नाची निराळी, मरणाची निराळी—आणि त्या वह्यांच्या पानांचे फोटो आता कॉम्प्युटरवर दिसतात. ही एकेक पान उलटत बसायची. सुजीतला मी विचारायची, कुठंय रे ती, दिसली नाही दोन शनिवार, तर म्हणायचा, 'शी इज इन एटीन नाइन्टी टू, आई.' बाईमाणसाला दोन आडनावं त्यांच्यात, एक बापाचं, एक आईचं, आणि लग्न झालं तरी तीच मरेपर्यंत—म्हणून माग लागतो म्हणे. लागू दे. माझं माहेरचं आडनाव तुम्हाला तरी माहीत आहे का? ह्यांनासुद्धा पटकन आठवायचं नाही. त्यावाचून अडलं का कुणाचं? नाही अडलं.

तर ही फाइल. प्रत्येक पानाखाली तिनं पेन्सिलीनं इंग्रजीत अर्थ लिहिलाय, माझ्यासाठी. आता तिनं लिहिलेला अर्थ मी कशाला खरा मानू? दुबईत राहून एवढं तरी शिकलेच की, ज्याच्यावर शिक्का नाही तो कागद नव्हे. म्हणून तुमच्याकडे आले. वीस तारखेची अबू धाबीची वेळ घेतलीय दोघांनी, नोंदणी लग्नाची. सुजीत म्हणाला, आई, तू हो म्हणालीस तरच जाऊ, नाही म्हणालीस तर मी तारीख कॅन्सल करतो. माझ्या एका शब्दावर आहे सगळं. मी काळूबाईला नवस बोलले—आई, या फाइलीत एक खोट दाखव, एकच, तुला साडीचोळी करीन. वाचा. यल्ला, चला, सगळ्यात जुनं आधी.

अठराशे सदुसष्ट. 'सकाळी दहा वाजता अमुक अमुक न्यायाधीशासमोर हजर झाला आणि त्याने जिवंत मुलगी सादर केली'—जिवंत मुलगी सादर केली? वासरू आहे का बाजारातलं? असंच लिहितात? बरं. साक्षीदार दोन, धंदा मजुरी, 'सही येत नसल्यामुळे सही केली नाही.' पुढे. धंदा खेचरं हाकणे, सही येत नाही. त्याच्या पुढे? तोही खेचरंच. ही लग्नाची नोंद, नवऱ्यामुलाला सही येत नाही, नवरीला येत नाही, सासऱ्याला येत नाही. ही कशानं गेली—जुलाबानं. बघा, बघा घराणं. पुण्याच्या आमच्या वन्सं, ह्यांच्या थोरल्या बहीण, त्या तर फोनवर पहिलाच प्रश्न करतात, कुळी कुठली. काय सांगू त्यांना? खेचरांची?

आणि पेन्सिल काय म्हणते? तेच? जुलाबसुद्धा लिहिलेत? असं कसं, कुठंतरी काहीतरी बदललं असेल की हो. मजूर होता तिथं शेतकरी लिहिलं असेल, खेचरांचे घोडे केले असतील. माणूस करतोच. नीट बघा, भाई, चष्मा पुसा. शब्द न शब्द तेच? बरं. उलटा पान.

का थांबलात?

वाचा ना. काय असेल ते असू दे, मी काय लहान आहे. एकोणीसशे पंचवीस, जन्माची नोंद—ही हिमेनाची पणजी, बरोबर, नाव तेच. बाळाला घेऊन कोण आलं? बाळाची आजी. आईचं वय सतरा, अविवाहित. आणि बाप? रेघ? रेघ म्हणजे—दाखवा इकडे. हो हो. बापाच्या बापाच्या जागी रेघ, बापाच्या आईच्या जागी रेघ, पट्टी धरून मारल्यासारखी सरळ. आणि खाली शब्दांत, बाप माहीत नाही. झालं. मिळालं. काळूबाई पावली. बघितलंत, मी म्हणत नव्हते?

इथं काय लिहिलंय तिच्या पेन्सिलीनं? 'फादर नॉट नोन.' आणि त्याच्याखाली? अजून एक ओळ दिसतेय. 'ही माझी पणजी. तिच्या हातच्या मक्याच्या भाकरी मी खाल्ल्या आहेत.' आणि वर ही पिवळी चिठ्ठी, कोपऱ्याला, पान सापडावं म्हणून. आता याला काय म्हणायचं, भोळेपणा की अक्कलशून्यपणा? एकतीस पानं, त्यातलं एक काढून ठेवायला काय लागतं? तीस पानं मी मोजणार होते का? आमच्याकडे असलं पान कसं झाकायचं ते चौथीतल्या पोरीलाही शिकवावं लागत नाही. मामाचं नाव लावायचं. शाळेत घालताना मास्तरला सांगायचं, बापाच्या जागी मामा लिहा. मास्तर विचारत नाही, लिहितो. एकदा दाखल्यावर आलं की तेच खरं. पुढं त्याच नावानं लग्न, त्याच नावानं रेशनकार्ड, त्याच नावानं पितृपक्षात घास. कावळासुद्धा शिवतो हो, त्याला कुठं वाचता येतंय.

कुणाचं म्हणजे? मी आपलं एक उदाहरण सांगितलं. होतं असं खेड्यात.

तुम्ही दापोलीकडचे ना, अबुजरभाई? साताऱ्याकडे तुमचं कुणी नाही? नाही ना? बरं.

माझ्या आईचं. तानुबाई माझी आज्जी, ती पण अशीच असेल, सतरा-अठराची. कोण होता, काय होता, तिनं मरेपर्यंत तोंड उघडलं नाही. तिच्या भावानं, भिवानं, तिला घराबाहेर काढलं नाही, स्वतःचं नाव पोरीला दिलं—देवमाणूस, तो कोरेगावच्या पुढे आयुष्यात गेला नाही. पण माझं लग्न ठरलं तेव्हा तो हयात नव्हता, आणि बैठकीत वन्संनी विचारलं, मुलीच्या आईचे वडील कोण, तर माझ्या आईनं सांगितलं, भिवाजी, पलटणीत होते, महायुद्धात इटलीला कामी आले. एका दमात. मी चहाचा ट्रे धरून उभी होते, माझा एक कप सांडला नाही. बत्तीस वर्षं झाली. ह्यांना माहीत नाही. सुजीतला तर मी झोपवताना त्याच गोष्टी सांगायची—पणजोबा रणगाड्यावर चढला, पणजोबानं झेंडा लावला—मला काय माहीत रणगाडा केवढा असतो. पोर ऐकत ऐकत झोपायचं. आणि त्यानं त्या सगळ्या तिला सांगितल्या. मागच्या शनिवारी ती जेवायला आली आणि विचारते, आई—मला आई म्हणते, कुणी शिकवलं देव जाणे—आई, पलटण कुठली, साल कुठलं, लढाईत गेलेल्या शिपायांच्या याद्या असतात, मी शोधून काढते. डोळे असे लुकलुकत होते तिचे. मी म्हटलं, बाळ, आमटी घे.

सही न येणाऱ्या माणसांच्या मागं मागं जी अठराशे सदुसष्टला पोचली, तिला भिवा सापडायला किती दिवस लागतील? म्हणून मी नवस बोलले. तिची खोट आधी सापडली की मी नाही म्हणायला मोकळी, मग ती आमच्या दारात उभी राहणार नाही, आणि उभी राहिली नाही तर शोधणार नाही. आता कळलं का एकतीस पानांचे पैसे कशाचे? मी रोज दोन तास पूजा करते, अबुजरभाई. दोन तास.

आणि हे—हे नका बघू. हे भाषांतराचं नाही, हे फाइलीच्या मागच्या कप्प्यात होतं. कोरं नाहीये, अर्धं भरलंय. सुजीतच्या बाजूचं. तिनंच रकाने आखलेत, पुढं मुलाबाळांना लागेल म्हणते. ह्यांच्या बाजूचे रकाने वन्संनी फोनवर भरून दिले, नावं, गावं, कोण पाटील, कोण इनामदार, धडाधडा. माझ्या बाजूचे मी तीन आठवडे लांबवलेत. चष्मा सापडत नाही म्हटलं, मग पाहुणे आहेत म्हटलं, मग एकादशी आहे म्हटलं. एकादशीला नाव लिहू नये असं कुठं आहे? पण ती हो म्हणाली. एकादशीचंही वहीत लिहून घेतलं.

काय म्हणालात? पणजीचं पान काढून टाकू, तीसच पानं बांधून देऊ? माझं भलं व्हावं म्हणूनच म्हणताय, ते कळतं मला. पण ऐका. ती आजी बघा त्या पानातली—सही येत नाही, पोरगी सतरा वर्षांची, गाव सगळं थुंकत असणार—ती ते बाळ पोटाशी धरून सरकारी माणसापुढे गेली आणि म्हणाली, लिही. ही माझी नात आहे, जिवंत आहे, लिही. आणि त्यानं लिहिलं. माझ्या आईला कुणी कुठं नेलं? ती कोणत्या दिवशी जन्मली ते आम्हाला आजही ठाऊक नाही, मास्तरनं एक जून टाकून दिली. आणि मी ते पान काढू? मी मेले पाहिजे मग. आहे तसं राहू दे, सगळ्या पानांवर मारा शिक्का. पिवळी चिठ्ठी पण काढू नका.

नवसाचं काय करायचं ते मी बघीन. खोट मागितली, तिनं दाखवली, आता साडीचोळी द्यायलाच हवी. पण कुठल्या तोंडानं ओटी भरणार, सांगा.

थांबा, एक काम राहिलं. हे रकान्यांचं पान यंत्रात घाला, जमेल ना यावर टाइप करायला? माझ्या हातानं नको. माझ्या आईच्या आईच्या जागी लिहा, तानुबाई. आडनाव—आडनाव लिहा तिच्या माहेरचं, भोईटे, दुसरं कुठलं असणार. गाव शिरढोण. आणि शेजारचा रकाना. भिवा लिहू नका. नाही, भिवा तिचा भाऊ होता, त्याला त्याच्या जागी जाऊ दे. रेघ पण नको, रेघ दिसली की वन्सं पुण्याहून विचारतील, ही रेघ कसली. त्या पणजीच्या पानावर त्यांच्या स्पॅनिशमध्ये जे शब्द आहेत ना, बाप माहीत नाही, तेच अक्षर न अक्षर इथं उतरवा. वन्संना ते वाचता यायचं नाही. तिला येईल.

धीट वगैरे काही नाही, उगीच कौतुक करू नका. सुजीतला मी सांगणार नाही, ह्यांना तर नाहीच. फक्त तिला. शनिवारी तिच्या पुढ्यात ठेवीन आणि स्वयंपाकघरात जाईन, तिला काय वाचायचं ते वाचू दे. पुढं तिनं ठरवावं, वीस तारखेला यायचं की नाही ते. तसंही पुरणपोळीवर लिंबू पिळणारी मुलगी, तिच्याकडून मी फार अपेक्षा ठेवत नाही.

झालं? दाखवा.

हं.

बरोबर आहे ना स्पेलिंग? बघा बरं पुन्हा, त्या पानाशी लावून. ठीक. घाला लिफाफ्यात. आणि आता माझ्याकडे असं बघत बसू नका, अबुजरभाई, मी काही कुणाची मयत सांगायला आले नव्हते. पुढच्या माणसाला घ्या.