विहिरीतले पाढे

श्रमदानाचं कौतुक तुम्ही करा. पोरांना विहिरीत उतरवून वर उभं राहायला काय लागतं ते मला विचारा! कवठे येमाईला गाळ काढायला सातवीची पोरं नेली होती. काठ ढासळलेला, वाकून बघायची सोय नाही. म्हणून बजावलं, “मोठ्यानं पाढे म्हणत राहा. आवाज आला की कळेल, सगळे धड आहात.”

माझ्या येरझाऱ्या बघून गावचे आबा म्हणाले, “गुरुजी, च्या घ्या की.”

“थांबा आबा, सत्ताविसाचा चाललाय!”

शेवटी कप हातात घेतला आणि विहीर एकदम गप्प. कप टाकला, दोर धरून सरसर उतरलो, तळहात सोलून निघाले. खाली पोरं टोपल्या घेऊन माझ्याकडं बघतायत.

“अरे, गप्प का झालात?”

“गुरुजी, तिसाच्या म्होरं तुम्ही शिकवलंच न्हाई!”