तेवढं एक झालं की निघालोच

...नाही नाही, त्या निळ्या खुर्चीवर नको, ती ट्वायलाची, माझ्या बायकोची, तुम्ही ही हिरवी घ्या, हिचा एक पाय लुळा आहे पण तोल सांभाळला तर बसता येतं, आणि टोपी हातात धरा, वायोमिंगचा वारा नेलेली टोपी परत आणून देत नाही, माझ्या तीन गेल्या. तर काय म्हणालात, नुसता नळ गळतोय? तेवढा नळ झाला की उद्या सकाळी निघणार? हसत नाहीये हो मी. तुम्हाला सांगतो, या गॅरेजच्या आवारात आलो तेव्हा मीही अस्साच उभा होतो, पिकअपचं इंजिनसुद्धा बंद केलं नव्हतं... म्हटलं, तेवढं एक झालं की निघालोच!

मी ऑरिन. नेब्रास्कातला पोस्टमन. चौतीस वर्षं एकच रस्ता, रोज चौऱ्याण्णव मैल, तीच शेतं, त्याच टपालपेट्या, तीच कुत्री, म्हणजे कुत्री बदलली पण भुंकणं तेच, आणि चौतीस वर्षं डोक्यात एकच की एक दिवस शेवटच्या पेटीपाशी गाडी वळवायचीच नाही, सरळ जायचं. माझ्या बुडाखाली काटे आहेत असं ट्वायला म्हणते, खोटं नाही ते. ती शाळेच्या स्वयंपाकघरात होती, दर गुरुवारी चारशे पोरांना चिली, म्हणजे खिमा-राजम्याचा तिखट रस्सा, आणि सोबत दालचिनीचे रोल, आणि त्या बाईनं जन्मात एकच गोष्ट मागितली. समुद्र. एकसष्ट वर्षांची बाई, समुद्र बघितलेला नाही! तळ्याकाठी बसली की म्हणायची, ‘ऑरिन, याला पलीकडचा काठच नसता तर कसं दिसलं असतं रे?’ मी रिटायर झालो त्या दिवशी सगळ्यांदेखत शब्द दिला, सप्टेंबरात तुला समुद्र दाखवतो. तिनं घरी येऊन काकडीच्या लोणच्याची रिकामी बरणी धुतली आणि ओट्यावर पालथी घातली. वाळू आणायला.

‘विमानानं जाऊन येऊ की,’ ती म्हणाली. विमानानं? चौतीस वर्षं थांबलेला माणूस खिडकीला नाक लावून ढग बघणार? मी म्हटलं, आपण आपलं घर घेऊन जायचं! आणि गेलो ओमाहाच्या प्रदर्शनात, तिथे हे दिसलं. हे ट्रेलरचं धूड, बघताय ना, पस्तीस फूट. फिफ्थ व्हील, म्हणजे पाचवं चाक. मी वाकून दोनदा मोजली, चाकं चारच. यानं आपली मान पिकअपच्या पाठीवर टाकायची आणि मागनं डुलत यायचं, आत पलंग, शेगडी, संडास, बटण दाबलं की भिंतीतनं अख्खी खोली बाहेर सरकते. विक्रेता म्हणाला, ‘काका, हे घर तुमच्या मागोमाग येणार, अगदी आज्ञाधारक.’ ट्वायलानं एवढंच विचारलं, ‘समुद्रापर्यंत जाईल ना?’ तो म्हणाला, ‘काकू, सोडलंत तर समुद्रातसुद्धा जाईल!’

पहिल्या वर्षी ते आमच्या दारापासून साठ मैल गेलं. तळ्यापर्यंत. आता ट्रेलर मागे घेऊन जागेवर लावायचा म्हणजे काय ते तुम्हाला माहीत आहे, आख्खा कॅम्प खुर्च्या वळवून बसतो, कुणी कॉफी घेऊन, कुणी नातवंडं घेऊन, आणि मी घामाघूम, आणि ट्वायला मागे उभी राहून दोन्ही हात असे हलवतेय, कोंबड्या हाकलल्यासारखे. मी ओरडतोय, ‘अगं म्हणजे ये की थांब?’ ती म्हणते, ‘म्हणजे टेबल!’ तेवढ्यात टेबल गेलं. लाकडी होतं, सरकारी होतं, मजबूत म्हणून सांगत होते सगळे. मग खोली बाहेर काढली ती काही परत आत जाईना, निम्मी आत निम्मी बाहेर, मुक्काम दोन दिवसांचा, राहिलो नऊ. तोवर सप्टेंबर संपला. मी म्हटलं, ट्वायला, त्या खोलीची मोटर बदलतो, तेवढं एक झालं की निघालोच. बरणी हिवाळाभर ओट्यावर पालथी.

आणि हिवाळ्यात उंदरांनी वायरी खाल्ल्या. काय चव लागली कुणास ठाऊक, पुढच्या दिव्यापासून मागच्या दिव्यापर्यंत, पंगतीला बसल्यासारखे! दुसरं वर्ष वायरीत गेलं, आणि वायरी झाल्या तेव्हा छताला ओल दिसली, ओल शोधायला फळी काढली तर फळीच कुजलेली... मी रोज शिडीवर. खरं सांगू का? मला मजा येत होती. घरात बसवत नाही हो मला, हाताला काहीतरी लागतं. आणि खाली उभी राहून ट्वायला विचारायची, ‘झालं?’ आणि मी वरून, तेवढं एक झालं की निघालोच!

यंदा मात्र निघालो. खरंच निघालो! तिनं बरणी टॉवेलात गुंडाळून मांडीवर घेतली. आणि आमच्याकडे एक यादी आहे, एक्केचाळीस कामांची, जोडताना आणि सोडताना करायची, ती तिनंच लिहिली, प्लास्टिकमध्ये घालून गळ्यात अडकवली, ती मोठ्यांदा वाचणार आणि मी करून ओरडणार, ‘झालं!’ चाकांना ठोकळे? झालं! पुढचे पाय खाली? झालं! वीज काढली? झालं! पिकअपचा मागचा फाळका खाली? झालं! सगळ्या कॅम्पला आमची यादी पाठ. पण इथून तीन मैलांवर, एका कॅम्पात मुक्कामाला थांबलो तेव्हा, वारा इतका सुटलेला, सकाळपासून स्टिअरिंगशी झोंबून माझे खांदे गेलेले, ती यादी उघडून वाचायला लागली आणि मी म्हटलं, ‘राहू दे गं, पाठ आहे मला. चाळीस वर्षांचं लग्न आणि एक्केचाळीस कामं, मला काय शाळेतलं पोर समजतेस?’ तिनं यादी मिटली. मी हुक सोडला, पिकअपमध्ये बसलो, गेलो पुढे.

फाळका वर होता.

तुम्ही लोक ट्रेलरवाले, तुम्हाला काय सांगायचं. ट्रेलरच्या मानेनं फाळका असा वळला, पापड वळावा तसा, आणि मी घाबरून ॲक्सिलरेटर अजून जोरात दाबला, तर ट्रेलर आपल्या पुढच्या दोन पायांवरनं गुडघे टेकून नाकावर बसला. आत ताटं फुटल्याचा आवाज. ट्वायला बरणी पोटाशी धरून उभी. ती ओरडली नाही. ओरडायला हवं होतं हो तिनं.

या आवाराचा मालक डेल्मर, भला माणूस, त्यानं ट्रेलर ओढून आणला, म्हणाला, ‘काका, पाय नवे टाकावे लागतील, इंडियानातून येतात, आठ दिवस. तोवर इथेच आत राहा, वीज आहे, पाणी आहे.’ आणि खोटं कशाला बोलू, पाय नवव्या दिवशी आले, दहाव्या दिवशी बसलेसुद्धा! पण मी म्हटलं, इथे शिडी आहे, जागा सपाट आहे, तर चाकांना ग्रीस देऊन घेऊ. मग ब्रेक. मग छताचे सांधे. पाच आठवडे! ट्वायलानं या सगळ्या आवाराला चिली करून घातली, रोल भाजले, लोक येत होते, दुरुस्त होत होते, जात होते, आणि आम्ही सगळ्यांना टाटा करत होतो.

एका सकाळी मी छतावर, हातात सांधे भरायची बंदूक, आणि खाली पिकअप सुरू झाला. बघतो तर ट्वायला स्टिअरिंगवर, बरणी शेजारच्या सीटवर, वर पट्टा लावलेला. बरणीला पट्टा! म्हणाली, ‘ऑरिन, मी समुद्राला चाललेय. येतोस?’ म्हटलं गंमत करतेय. तिनं गळ्यातली यादी उघडली आणि मोठ्यांदा वाचायला लागली, आणि उत्तरं पण तीच देतेय. ‘आरसे? झालं. टायर? झालं. फाळका? वाकलाय, राहू दे.’ मग वर बघितलं. ‘नवरा?’

आणि तुम्हाला सांगतो, मी, चौतीस वर्षं सरळ जायची स्वप्नं बघितलेला मी, काय बोललो असेन? म्हटलं, ‘तेवढा एक कोपरा झाला की आलोच!’

तिनं यादीवर खूण केली आणि गेली. मला वाटलं पेट्रोलपंपापाशी वळेल. मी कोपरा पुरा केला. मग खाली उतरलो, मग या आवाराच्या फाटकाशी जाऊन उभा राहिलो, आणि रस्ता इतका सरळ आहे हो इथे, की गेलेलं माणूस खूप वेळ दिसत राहतं. मला रडू आलं, लपवत नाही.

तिसऱ्या दिवशी तिचा फोन आला. म्हणाली, ‘ऑरिन, खरंच पलीकडचा काठ नाहीये रे.’ मग नुसत्या लाटा ऐकवल्या. म्हणाली, तो वाकलेला फाळका आता मिटत नाही, त्याचं छान बाकडं झालंय, त्यावर बसते, कॉफी पिते, पाय हलवते. बरणी भरली. दुसरी विकत घेतली. मी विचारलं, ‘परत कधी?’ म्हणाली, ‘उद्याची भरती मोठी आहे म्हणतात, तेवढी एक बघितली की निघालेच.’

आज अकरा दिवस. भरती रोज येते, मला हे माहीत नव्हतं.

आणि या मंगळवारी डेल्मर खालून वरपर्यंत सगळं तपासून म्हणाला, ‘काका, या ट्रेलरला आता करण्यासारखं काहीही उरलेलं नाही.’ तीन वर्षांत पहिल्यांदा! मी दोनदा फिरून बघितलं. एक स्क्रू ढिला सापडत नाही. सगळं तयार, पाय भक्कम, छत कोरडं, चाकं फिरतायत... आणि ओढायला पिकअप नाही. तो समुद्रावर बसलाय.

तर नळ म्हणालात ना? फक्त नळ? बरं बरं, डेल्मर करून देईल. ती टोपी धरा. आणि अहो, त्या हिरव्या खुर्चीवर किती तोल सांभाळाल... बसा त्या निळीवरच. ती काही इतक्यात येत नाही.