डोंगरावरचं 'होते'

माझ्या मराठीत आजवर एकीनेच चूक काढली रे, आणि तिला वाचता येत नाही!

बोरिवलीच्या डोंगरात वारली पाड्यावर इतिहासाचा बोर्ड रंगवत होतो. मजकूर माझाच, त्यामुळे कॉलर टाइट. पाड्यातल्या जानूमावशीने चहा दिला. म्हणाली, "वाच ना मोठ्याने."

मी ऐटीत वाचलं, "या डोंगरावर पूर्वी वारली लोक राहत होते."

"होते?" मावशीने माझ्या हातातला कपच काढून घेतला. "मग हा चहा तुला भुताने दिला काय? उद्या कोणी घरं पाडायला आला, तर तुझाच बोर्ड दाखवेल."

मी गपचूप 'पूर्वी' खोडलं, 'राहत होते'चं 'राहतात' केलं आणि पुन्हा वाचून दाखवलं.

मावशीने कप परत दिला. "घे, पी आता. घरात माणसं आहेत."